शब्द आपला, कान दुसऱ्याचा

(ईशान्य भारतातून शिक्षणासाठी आलेल्या विद्यार्थ्यांना आपल्या घरी आपलेसे करणाऱ्या कुटुंबांच्या एकत्रीकरणात झालेल्या भाषणाचे शब्दांकन.)



संयोजकांनी मला आजचा विषय एका वाक्यात सांगितला. आपली मुले सहज बोलतात, त्यांच्या मनात काही नसते, तरी समोरचा दुखावतो, यावर बोला. ऐकायला हा विषय लहान वाटतो. परंतु या सभागृहात बसलेल्या अनेक घरांत ईशान्य भारतातील कोणी ना कोणी मुलगा किंवा मुलगी सणावाराला जेवायला येते. त्याच घरांतील आपली मुले महाविद्यालयाच्या कट्ट्यावर त्यांना कोणत्या नावाने हाक मारतात, हे आपल्याला ठाऊक असतेच असे नाही. तेव्हा विषय आपल्या स्वयंपाकघरापर्यंत येऊन पोहोचलेला आहे.

प्रारंभ एका साध्या शब्दाने करतो. माकड. मराठी घरात आई दिवसातून चार वेळा मुलाला म्हणते, "अरे माकडा, खाली उतर." त्या मुलाला ते गोड वाटते. आपण रामायणात वानरसेनेचा जयजयकार करतो, गावोगावी वेशीवर मारुतीचे देऊळ बांधतो. या शब्दात कोणाला वंशद्वेष दिसेल, असे आपल्यापैकी कोणाच्या स्वप्नातही आले नसते.

आणि तरीही ऑक्टोबर २००७ मध्ये याच एका शब्दावरून आपल्याला जगापुढे मान खाली घालावी लागली. ऑस्ट्रेलियाचा संघ भारतात एकदिवसीय मालिका खेळत होता. बडोद्याच्या सामन्यात अँड्र्यू सायमंड्स सीमारेषेवर उभा राहिला की प्रेक्षकांतून माकडाचे आवाज येऊ लागले. पुढे मुंबईत वानखेडेवरही तेच घडले. काही प्रेक्षक माकडासारखे हातवारे करतानाची छायाचित्रे वृत्तपत्रांत आली आणि पोलिसांना काही जणांवर कारवाई करावी लागली. तेव्हा आपल्याकडून एक बचाव मोठ्या आत्मविश्वासाने केला गेला. आम्ही तर हनुमंताचे भक्त, आमच्याकडे वानर पूजनीय आहे, हा अपमान कसा होईल?

हा बचाव मी तेव्हा अनेक सुशिक्षितांच्या तोंडून ऐकला. त्याचा नीट विचार करू. शब्दाचा अर्थ प्रसंगावर अवलंबून असतो, हे म्हणणे अगदी बरोबर आहे. मग तो प्रसंगच पाहू या. आपण मारुतीच्या देवळात जातो तेव्हा मूर्तीसमोर उभे राहून बगला खाजवतो का? तोंड वेडावून हुप् हुप् करतो का? शेंदूर आणि रुईची माळ वाहणारा हात वानखेडेवरचे ते हातवारे करीत नव्हता. त्या क्षणी प्रेक्षकांच्या मनात भक्तीचा लवलेशही नव्हता, आणि नंतर खुलासा देण्यासाठी मात्र मारुतीरायाला साक्षीला बोलावले गेले. मला विचाराल तर यात सायमंड्सपेक्षा मारुतीचा अपमान अधिक झाला.

आता सायमंड्सच्या बाजूने पाहू. त्याचा जन्म इंग्लंडमधील बर्मिंगहॅमचा, वंशाचा एक धागा वेस्ट इंडीजचा, आणि तो वाढला ऑस्ट्रेलियात. कृष्णवर्णीयांना माकड म्हणण्यामागे पाश्चात्त्य जगात एक दीर्घ, अत्यंत हिडीस इतिहास आहे. १९०६ साली न्यूयॉर्कच्या ब्राँक्स प्राणिसंग्रहालयात कांगोतून आणलेल्या ओटा बेंगा नावाच्या तरुणाला माकडांच्या विभागात, लोकांनी पाहावे म्हणून ठेवले होते. तिकडच्या कृष्णवर्णीय धर्मोपदेशकांनी आवाज उठवला तेव्हा तो सुटला. दहा वर्षांनी त्याने आत्महत्या केली. युरोपातील फुटबॉलच्या मैदानांवर काळ्या खेळाडूंवर केळ्यांची साले आणि माकडाचे आवाज फेकले गेले, ते याच परंपरेत. सायमंड्सच्या कानावर वानखेडेवरचा तो आवाज पडला तेव्हा त्यामागून हे सगळे आले. आपल्या कानामागे रामायण उभे असेल, त्याच्या कानामागे ओटा बेंगाचा पिंजरा उभा होता. ज्याला उद्देशून शब्द जातो त्याचा कान शेवटी ठरवतो.

परंतु मित्रहो, गोष्ट इथेच संपत नाही, उलट इथून ती अधिक गुंतागुंतीची होते. अवघ्या तीन महिन्यांनी, जानेवारी २००८ मध्ये, सिडनीच्या कसोटीत सचिन तेंडुलकर आणि हरभजनसिंग यांची आठव्या गड्यासाठी मोठी भागीदारी चालू होती. हरभजन आणि सायमंड्स यांच्यात शब्दाला शब्द लागला. हरभजनने 'मंकी' म्हटले असा आरोप झाला. सामनाधिकारी माइक प्रॉक्टर यांनी त्याला तीन कसोट्यांची बंदी घातली आणि दौराच मोडतो की काय अशी स्थिती आली. अपील न्यूझीलंडचे न्यायाधीश जॉन हॅन्सन यांच्यापुढे अ‍ॅडलेडला चालले. भारतीय बाजूचे म्हणणे असे होते की उत्तर भारतात उठताबसता तोंडी येणारी, आईवरून दिली जाणारी एक हिंदी शिवी इंग्रजी कानाला 'मंकी'सारखी ऐकू आली. तेंडुलकरची साक्ष झाली. वंशद्वेषाचा आरोप पुरेशा खात्रीने सिद्ध होत नाही, असा निर्णय लागला. बंदी उठली आणि अपशब्दाबद्दल सामन्याच्या मानधनाच्या निम्मा दंड झाला.

त्या वेळी आपण पेढे वाटले. मात्र या निकालात दडलेली एक गंमत, काहीशी लाजिरवाणी गंमत, फारशी कोणी पाहिली नाही. आपला बचाव काय होता? आमच्या खेळाडूने माकड म्हटले नाही, आईवरून शिवी दिली. आपल्या कोणत्याही घरात या दोहोंपैकी अधिक गंभीर काय मानले जाईल? माकड म्हटल्याबद्दल आजी हसेल, आईवरून शिवी देणाऱ्याला ती घराबाहेर काढील. तिथल्या नियमावलीत मात्र तराजू नेमका उलटा होता. आणि त्याच सामन्यात ब्रॅड हॉगने अनिल कुंबळे व महेंद्रसिंग धोनी यांना जारज या अर्थाची इंग्रजी शिवी दिली म्हणून आपण तक्रार केली. ऑस्ट्रेलियात तो शब्द मित्र मित्राला पाठीवर थाप मारताना वापरतो. आपल्याकडे तो थेट आईच्या चारित्र्यावर जातो. पुढे कुंबळेने मोठ्या मनाने ती तक्रार मागे घेतली. म्हणजे एकाच मैदानावर, एकाच सामन्यात, दोन्ही संघ आपापल्या मनात काही नव्हते असे सांगत होते, आणि दोन्ही संघ दुखावले गेले होते. (हरभजन आणि सायमंड्स २०११ मध्ये मुंबई इंडियन्सकडून एकत्र खेळले, हेही जाता जाता सांगितले पाहिजे. सायमंड्सचे २०२२ मध्ये मोटार अपघातात निधन झाले.)

परदेशात आपल्या माणसांनी हा अनुभव उलट्या बाजूने किती घेतला आहे! 'कुली' हा शब्द घ्या. तमिळ भाषेत 'कूली' म्हणजे मजुरी. आपल्या रेल्वे स्थानकांवर लाल सदऱ्यातला कुली हा कष्टाची भाकरी खाणारा माणूस. १९८३ च्या हिंदी चित्रपटात तर तो नायक झाला आणि लोकांनी त्याला डोक्यावर घेतले. तोच शब्द दक्षिण आफ्रिकेत नाताळच्या मळ्यांवर गेला आणि प्रत्येक हिंदी माणसाच्या कपाळावर डागला गेला. व्यापारी असो, शिक्षक असो, सारे कुलीच. गांधीजींना तिथे 'कुली बॅरिस्टर' म्हणत. त्यांच्या आत्मकथेत आणखी एका शब्दाची हकिकत आहे. तमिळ नावांच्या शेवटी येणारा 'सामी' हा शब्द गोऱ्यांनी सर्व हिंदी मजुरांसाठी हेटाळणीने वापरायला सुरुवात केली. हा 'सामी' म्हणजे आपला संस्कृत 'स्वामी'! ज्याच्या तोंडात जीभ होती असा एखादा हिंदी माणूस उलट म्हणे की, तुम्ही मला सामी म्हणता खरे, पण त्याचा अर्थ मालक असा आहे आणि मी काही तुमचा मालक नाही. काही गोरे त्यावर वरमत, काही चिडत. शब्दकोशात पाहिले तर 'स्वामी'हून आदराचा शब्द सापडणार नाही. मळ्याच्या मुकादमाच्या तोंडी तो शिवी झाला. मी हे उदाहरण मुद्दाम देतो, कारण आपले लोक वारंवार शब्दाची व्युत्पत्ती पुढे करून सुटू पाहतात. 'मूळ अर्थ तर चांगलाच आहे' असे म्हणतात. मूळ अर्थाने नाताळमधल्या कोणाचे अश्रू पुसले गेले नाहीत.

अलीकडचे उदाहरण चेतेश्वर पुजाराचे आहे. इंग्लंडमध्ये यॉर्कशायर संघाकडून तो खेळत असताना 'चेतेश्वर' उच्चारता येत नाही म्हणून सहकाऱ्यांनी त्याला 'स्टीव्ह' म्हणायला सुरुवात केली. शिवी नाही, टोमणा नाही, एक गंमतीचे टोपणनाव. पुजारानेही ते हसून घेतले. पुढे त्याच संघाचा माजी खेळाडू अझीम रफीक याने वर्षानुवर्षे सोसलेल्या अवहेलनेची कहाणी २०२१ मध्ये ब्रिटिश संसदेच्या समितीपुढे सांगितली, तेव्हा 'स्टीव्ह'चाही उल्लेख आला आणि ज्या सहकाऱ्याने ते नाव पाडले होते त्याने पुजाराची क्षमा मागितली. रफीकच्या स्वतःच्या जुन्या संदेशांत ज्यूंविषयी गैर मजकूर निघाला आणि त्यालाही क्षमा मागावी लागली, हे नोंदवणे न्यायाचे ठरेल. ज्याला टोचले आहे तो इतरांना टोचत नाही, असा काही नियम नाही. सौराष्ट्रातल्या एका मुलाचे आईवडिलांनी ठेवलेले शिवशंकराचे नाव, आणि ते शिकण्याचे कष्ट कोणी घेऊ नयेत! आपल्या इथे बहुतेकांना याचा राग आला. तो राग जपून ठेवा, त्याचे काम पुढे आहे.

आता घरी येऊ. 'घाटी'. हा शब्द उच्चारताच सभागृहात थोडी चुळबुळ झालेली मला दिसते. घाटावरून, सह्याद्री उतरून आला तो घाटी, इतकाच याचा सरळ अर्थ. मुंबईत गिरण्यांत, गोदीत, घरकामात राबणाऱ्या आपल्या माणसाला तो चिकटला आणि इंग्रजी शाळांतून, साहेबी कचेऱ्यांतून गावंढळ, बेंगरूळ अशा अर्थाने फिरू लागला. कपडे 'घाटी', उच्चार 'घाटी'. गोव्यातही तो ऐकू येतो आणि तिथेही त्याला धार आहे. पण सातारचे दोन मित्र दादरला भेटले आणि एक दुसऱ्याला म्हणाला, "चल रे घाट्या, चहा पिऊ," तर त्यात आपुलकीखेरीज काही नाही. शब्द तोच. फरक एवढाच की सातारकराला तो शब्द जसाच्या तसा परत करता येतो. ज्या शब्दाची परतफेड करता येते तो थट्टेचा. ज्याची करता येत नाही, ज्याच्यासमोर नुसते हसून गप्प बसावे लागते, तो निराळ्या जातीचा शब्द. आणि आपणही काही कमी नाही. दक्षिणेतल्या पाच राज्यांतल्या सर्वांना सरसकट 'मद्रासी' म्हणणारे आणि त्यांच्या भाषांना 'यंडुगुंडू' म्हणून मोकळे होणारे आपणच.

हे सारे मनात ठेवून 'चिंकी' या शब्दाकडे या. आपली मुले सांगतात की हा तर गोंडस शब्द आहे, मराठी घरांत मुलीचे लाडाचे नावही चिंकी असते. खरे आहे. शेजारच्या चिंकीला चिंकी म्हणा, कोण नाही म्हणते! परंतु इम्फाळहून किंवा आयझॉलहून आलेल्या मुलीला अनोळखी माणूस रस्त्यात हा शब्द ऐकवतो तेव्हा तो तिच्या डोळ्यांच्या ठेवणीकडे बोट दाखवत असतो आणि त्यात एक न विचारलेला प्रश्न असतो, की तू इथली कशी? या देशाच्या नागरिकाला या देशात हा प्रश्न विचारला जावा, याहून फुटीरतावाद्यांना अधिक काय हवे? सीमेपलीकडचा शत्रू अरुणाचलवर हक्क सांगतो, आणि आपला मुलगा बसमध्ये अरुणाचलच्या मुलाला चिनी ठरवतो. एकाच कामाला दोघे हातभार लावतात, फक्त एकाला ते ठाऊक नसते.

जानेवारी २०१४ मध्ये दिल्लीच्या लाजपतनगरात अरुणाचलच्या नीडो तानिया या एकोणीस वर्षांच्या मुलाचे असेच झाले. दुकानात त्याच्या केसांवरून, दिसण्यावरून टवाळी झाली. तो चिडला, वादावादी झाली, मारहाण झाली आणि दुसऱ्या दिवशी तो मरण पावला. टवाळी करणाऱ्यांना विचारले असते तर त्यांनीही मनात काही नव्हते असेच म्हटले असते. त्यानंतर केंद्राने बेझबरुआ समिती नेमली. वंशावरून हिणवण्याला स्वतंत्र कलम असावे, अशी शिफारस तिने केली. त्याही आधी, २०१२ मध्ये, गृहमंत्रालयाने राज्यांना कळवले होते की अनुसूचित जमातीच्या व्यक्तीला असे हिणवणे अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा ठरू शकते. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये केवळ अफवांमुळे बंगळूर आणि पुण्यातून हजारो ईशान्य भारतीय गुवाहाटीच्या गाड्यांत बसून निघून गेले. अफवेवर इतक्या चटकन विश्वास का बसला, याचे उत्तर त्या अफवेत शोधू नका. रोजच्या बोलण्यातून त्यांना आपण परके ठरवून ठेवलेले होते, जमीन आधीच भुसभुशीत होती. २०२० मध्ये महामारी आली आणि चिंकीच्या जागी 'कोरोना' हा शब्द आला. २०२१ मध्ये मीराबाई चानूने टोकियोत रौप्यपदक जिंकले तेव्हा देशभर आनंद झाला. त्या वेळी मूळच्या आसामच्या एका महिलेने लिहिले की आम्ही पदक जिंकले तरच भारतीय, एरवी आमच्यासाठी वेगळीच नावे आहेत. ते वाक्य झोंबणारे होते, कारण त्याचा प्रतिवाद करता येत नव्हता.

आमच्या शाखेवरचा किशोर लाचित बोरफुकन यांची सराईघाटची लढाई तोंडपाठ सांगतो, राणी गाइदिन्ल्यू यांच्यावर निबंध लिहितो. ते उत्तमच आहे. तोच किशोर वसतिगृहातल्या नागा मुलाला 'मोमो' म्हणत असेल तर ते पाठांतर कोणासाठी?

काही जण म्हणतील, त्या मुलांमध्ये आपसांत हा शब्द चालतो. चालतो. जसा सातारकरांत घाटी चालतो. एखाद्या पक्क्या मित्राला त्यांनी तो वापरू दिला, तर तो त्या मैत्रीने दिलेला अधिकार आहे, तो पाहून दुसऱ्याने उचलायचा नाही. तसेच काही जण म्हणतील, इतके तोलूनमापून बोलायचे तर थट्टामस्करी संपलीच म्हणायची. मला ही भीती अगदीच खोटी वाटत नाही. प्रत्येक शब्दामागे पोलीस लावणारा समाज काही सुखी नसतो, आणि प्रत्येक चुकलेल्या शब्दात द्वेषच पाहणे हाही एक अन्यायच आहे. हरभजनच्या बाबतीत तो होता होता टळला. म्हणून उपाय कायद्यात थोडा आणि घरात जास्त. मुलाने चुकीचा शब्द वापरला तर त्याला वंशद्वेष्टा ठरवू नका. त्याला एकच विचारा, हा शब्द तू तिच्या वडिलांसमोर उच्चारशील का?

मघाशी चिठ्ठीवर एका भगिनीने विचारले आहे की 'भैया' या शब्दाचे काय, तो तर भाऊ या अर्थाचा आदराचा शब्द आहे. ताई, आहेच. काशीत दुकानदाराला 'भैया' म्हणा, तो प्रसन्न होईल. मुंबईत मात्र आपण भाजीवाल्याला 'ए भैया' म्हणतो आणि त्याच गावाहून आलेल्या बँकेतल्या अधिकाऱ्याला 'मिश्राजी' म्हणतो. अधिकाऱ्याला 'भैया' म्हणून पाहा, आणि काय होते ते मला कळवा.

शेवटी एका व्यवहाराच्या गोष्टीकडे येतो. साठच्या दशकापासून ईशान्येतील विद्यार्थी आपल्याकडच्या घरांत राहत आले आहेत, आणि तो अनुभव सांगतो की पहिली अडचण नावाची असते. 'चेतेश्वर'चा 'स्टीव्ह' झाला म्हणून आपल्याला राग आला, तो मी मघाशी जपून ठेवायला सांगितला होता. मणिपूरमध्ये कुळाचे नाव आधी येते. सायखोम मीराबाई चानू, यातील सायखोम हे कुळनाव. मेरी कोम यांचे पूर्ण नाव मांगते चुंगनेइजांग मेरी कोम असे आहे. कठीण वाटते, पण आपल्या मुलांनी 'श्रीकृष्णार्जुनयुद्ध' उच्चारायला शिकलेच ना? या जूनमध्ये नवे विद्यार्थी येतील. त्यांचे नाव पहिल्या दिवशी दोनदा विचारा, त्यांच्याकडूनच म्हणून घ्या, देवनागरीत लिहून शीतकपाटावर चिकटवा आणि घरातल्या सर्वांत लहान मुलाला ते आधी शिकवा. नावांची यादी संयोजकांकडे आहे; ती जाताना घेऊन जावी.